अग्निशामकाची पदवी : फी, पगार आणि मधली वर्षं

कॅलिफोर्नियातल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांची फी युनिटमागे ४६ डॉलर आहे. २०१२ च्या उन्हाळ्यापासून ती वाढलेली नाही. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला ६० युनिट लागतात, म्हणजे सगळी मिळून २,७६० डॉलर. आपल्या पैशात सव्वादोन-अडीच लाख रुपये. अमेरिकेतलं शिक्षण म्हटलं की वर्षाला तीस-चाळीस लाखांचा खर्च आणि डोक्यावर कर्ज, हेच चित्र आपल्यापुढे येतं. त्यामुळे हा आकडा ऐकून चटकन विश्वास बसत नाही. शिवाय उत्पन्न कमी असलेल्या घरातल्या मुलांना राज्याच्या ‘कॉलेज प्रॉमिस ग्रँट’मधून हीसुद्धा फी माफ होते. कॅलिफोर्निया सगळ्यांत स्वस्त, पण इतर राज्यांतही फी आवाक्याबाहेरची नाही. २०२३-२४ साली देशभरातल्या सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजांची सरासरी वार्षिक फी ३,९९० डॉलर होती, आणि गरजू विद्यार्थ्याला केंद्र सरकारकडून मिळणारं ‘पेल’ अनुदान त्याच वर्षी ७,३९५ डॉलरपर्यंत जात होतं. म्हणजे फी भागून पुस्तकांना आणि खोलीभाड्याला थोडा हातभार लागावा इतकं.

याच कॉलेजांपैकी अनेकांत ‘फायर टेक्नॉलॉजी’ किंवा ‘फायर सायन्स’ या नावाची पदवी मिळते. लॉस एंजलिसजवळचं रिओ हाँडो कॉलेज किंवा ऑरेंज काउंटीतलं सँटा अॅना कॉलेज ही त्यातली जुनी, माहितीतली नावं. आणि पगार? अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या हिशेबाने मे २०२३ मध्ये अग्निशामकाचं मध्यक वार्षिक वेतन ५७,१२० डॉलर होतं. म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी. एकीकडे एकदाच भरायचे पावणेतीन हजार, दुसरीकडे दरवर्षी मिळणारे सत्तावन्न हजार. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले की गणित सुटल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं असं की ते सुटलेलं नाही, कारण खर्चाचा आकडाही अपुरा आहे आणि पगाराचा आकडा या पदवीच्या खात्यावर मांडणंही चूक आहे.

आधी खर्च पाहू. ज्या मुलाला पूर्ण वेळ कॉलेज करायचं आहे त्याला पूर्ण वेळ नोकरी करता येत नाही. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातलं किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होतं. वर्षाचे २,०८० तास धरले तर साध्यातल्या साध्या कामाचे ३४,३२० डॉलर होतात. मुलगा अर्धवेळ काम करत शिकला असं मानलं, तरी दोन वर्षांत साधारण तेवढीच रक्कम, म्हणजे चौतीस हजार डॉलर, त्याने सोडलेली असते. फीच्या बारापट! ही रक्कम कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत, कारण ती कुणाला भरावी लागत नाही. नुसती मिळायची राहते. पण स्वतःच्या कमाईवर राहणाऱ्या विशीतल्या मुलाच्या दृष्टीने खरा खर्च तोच आहे, आणि पदवी अर्ध्यात सोडणारी मुलं फीमुळे क्वचित आणि घरभाड्यामुळे अनेकदा सोडतात.

आता पगाराकडे. इथे घोडं पेंड खातं. अग्निशमन दलात शिरायला ही पदवी बहुतेक ठिकाणी लागतच नाही. श्रम सांख्यिकी विभागही या व्यवसायाची प्रवेशपात्रता सांगताना पदवी म्हणत नाही. बारावीनंतरचं, पदवीहून कमी असं प्रमाणपत्र म्हणतो. दलाला उमेदवाराकडून हव्या असतात त्या गोष्टी वेगळ्या. पहिली म्हणजे ईएमटी, अर्थात अँब्युलन्सवर प्राथमिक उपचार करण्याचं प्रशिक्षण. ते दीडशे ते दोनशे तासांचं असतं, एका सत्रात होतं. दुसरी म्हणजे फायर अकादमी. तिथे काही आठवडे ते काही महिने रोज गणवेशात हजर राहून होज ओढणं, शिड्या लावणं, धुराने भरलेल्या खोलीत रांगत माणूस शोधणं शिकवतात आणि शेवटी ‘फायरफायटर १’ हे प्रमाणपत्र मिळण्याची वाट मोकळी होते. मोठ्या शहरांची दलं आपापल्या अकादम्या चालवतात आणि तिथे शिकताना पगारही देतात. लहान दलांना मात्र आधीच अकादमी केलेला उमेदवार हवा असतो. मग ती कॉलेजातून, स्वतःच्या खर्चाने करावी लागते. युनिटची फी तीच, पण आगीत घालायचा जाड पोशाख, बूट, हेल्मेट, गणवेश, वैद्यकीय तपासणी असं धरून काही हजार डॉलर वर जातात.

मग पदवीत शिकवतात तरी काय? बरंच काही, आणि ते मोलाचं आहे. नॅशनल फायर अकादमी ही केंद्र सरकारची संस्था मेरीलँडमधल्या एमिट्सबर्गला आहे. १९७३ साली ‘अमेरिका बर्निंग’ या सरकारी अहवालाने देशातल्या आगींचं भीषण चित्र मांडलं, त्यातून पुढच्या वर्षी कायदा झाला आणि ही अकादमी उभी राहिली. तिच्या पुढाकाराने ठरलेला नमुना अभ्यासक्रम आज अनेक कॉलेजं वापरतात : आगीचं वर्तन आणि ज्वलन, इमारतींची बांधणी, स्प्रिंकलर आणि अलार्मच्या यंत्रणा, प्रतिबंध, जवानांची सुरक्षितता. हलक्या लाकडी कैच्यांवर पेललेलं छप्पर जुन्या जाड तुळयांच्या छपरापेक्षा किती लवकर कोसळतं, हे ज्याला माहीत आहे तो त्या छपरावर पाय ठेवण्याआधी थांबतो. या विद्येची किंमत डॉलरमध्ये होत नाही. पण भरतीच्या दारात ती विचारली जात नाही, हेही तितकंच खरं.

दारात विचारलं जातं ते शरीर. अमेरिकेतली अनेक दलं ‘सीपॅट’ नावाची शारीरिक चाचणी मागतात. उमेदवाराच्या अंगावर ५० पौंडांचं, म्हणजे जवळजवळ पावणेतेवीस किलोंचं जाकीट चढवतात. पाठीवरची हवेची टाकी आणि आगीचा पोशाख यांचं वजन म्हणून. पहिल्याच टप्प्याला खांद्यांवर आणखी २५ पौंड ठेवतात आणि फिरत्या जिन्यावर मिनिटाला साठ पायऱ्यांच्या गतीने तीन मिनिटं चढायला लावतात. कठड्याचा आधार घेता येत नाही. तिथून उतरलं की जास्तीचं वजन निघतं, पण मांड्या थरथरत असतानाच होज ओढायचा, करवती उचलून न्यायच्या, शिडी उभी करायची, दहा पौंडांच्या घणाने दार फोडल्यासारखे घाव घालायचे, काळ्याकुट्ट बोगद्यातून रांगत जायचं, १६५ पौंडांचा पुतळा ओढत न्यायचा आणि शेवटी डोक्यावरचं छत लांब आकड्याने फोडून खाली खेचायचं. आठ टप्पे, एकूण वेळ दहा मिनिटं वीस सेकंद. दोन टप्प्यांच्या मध्ये धावायची परवानगी नाही, चालतच जायचं. त्या तेवढ्या चालण्यातच काय तो दम घ्यायचा.

चाचणी उत्तीर्ण झाली की लेखी परीक्षा, मुलाखत मंडळ, पूर्वेतिहासाची तपासणी, वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी, आणि यादी. पात्र उमेदवारांची यादी लागते, दलात जागा निघतात तसतसं त्यातून बोलावणं येतं, आणि मुदत संपली की यादी रद्द होते. मग पुन्हा पहिल्यापासून. महाराष्ट्रात पोलीस किंवा तलाठी भरतीची वाट पाहत वर्षं घालवलेली मुलं ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. चांगल्या पगाराच्या दलांत अर्ज भरमसाट येतात आणि पहिल्या प्रयत्नात लागणारे थोडे असतात.

या वाट पाहण्याच्या काळात बहुतेक मुलं खासगी अँब्युलन्सवर ईएमटी म्हणून राबतात. मे २०२३ मध्ये ईएमटीचं देशभरातलं मध्यक वेतन ३८,९३० डॉलर होतं. एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियात मोठ्या फास्ट फूड साखळ्यांना कामगाराला तासाला किमान २० डॉलर द्यावे लागतात. पूर्ण वर्षाचे ते ४१,६०० होतात. एक आकडा देशाचा, दुसरा एका महागड्या राज्याचा, शिवाय वर्षंही वेगळी, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. तरीही रस्त्यावर पडलेल्या माणसाची छाती दाबून हृदय चालू ठेवणाऱ्याला बर्गर भरणाऱ्याच्या आसपासच पैसे मिळावेत, याचं वाईट वाटतं. मात्र अँब्युलन्सवरचा हा काळ वाया जात नाही. अमेरिकेतल्या अग्निशमन दलांना २०२० मध्ये सुमारे ३ कोटी ६४ लाख वेळा बोलावणं आलं. त्यात आगी फक्त ४ टक्के होत्या. जवळजवळ दोन-तृतीयांश बोलावणी वैद्यकीय मदतीची होती. बंब लाल असला तरी त्यावरच्या माणसाचं दिवसभराचं काम बहुतांशी रुग्णाजवळच असतं. म्हणूनच पॅरामेडिकचा परवाना असलेल्या उमेदवाराला भरतीत वजन येतं. हे प्रशिक्षण हजार तासांहून मोठं असतं, ईएमटीच्या कित्येक पट अवघड असतं आणि सोबत पूर्ण वेळ नोकरी करणं जवळपास अशक्य. पण कॉलेजात जायची दोन वर्षं हाताशी असतील आणि त्यांतून भरतीची शक्यता सर्वाधिक वाढवायची असेल, तर मी फायर सायन्सच्या आधी पॅरामेडिककडे बोट दाखवीन.

सत्तावन्न हजारांच्या आकड्यातही बरंच दडलेलं आहे. अग्निशामकाची पाळी सहसा सलग चोवीस तासांची असते आणि अनेक दलांत आठवड्याची सरासरी ५६ तास पडते. वर्षाचे २,९१२ तास. कार्यालयातला माणूस २,०८० तास भरतो. ५७,१२० ला २,०८० ने भागलं तर तासाला साडेसत्तावीस डॉलर, २,९१२ ने भागलं तर १९.६० डॉलर. केंद्राच्या श्रमकायद्यातही अग्निशामकांसाठी वेगळी तरतूद आहे : २८ दिवसांत २१२ तास भरेपर्यंत जादा दराचा ओव्हरटाइम देणं बंधनकारक नाही. राज्याराज्यांत तर जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कॅलिफोर्नियातल्या शहरी दलात ओव्हरटाइम धरून लाखावर डॉलर कमावणारे जवान सर्रास आहेत. दक्षिणेकडच्या ग्रामीण काउंट्यांत त्याच कामाला तीस-पस्तीस हजार मिळतात. आणि देशातल्या १० लाख ४१ हजार अग्निशामकांपैकी (हा आकडाही २०२० चा) ६५ टक्के स्वयंसेवक आहेत. त्यांना याचा पगारच नाही. ज्या गावात दल स्वयंसेवकांवर चालतं, तिथे राहून फायर सायन्सची पदवी घेणाऱ्याला नोकरीसाठी गाव सोडावंच लागणार.

एक सापळा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ कुठल्या कॉलेजातल्या कुठल्या अभ्यासक्रमानंतर किती कमाई होते आणि किती कर्ज राहतं, ते दाखवतं. सोय उत्तम आहे, पालकांनी जरूर वापरावी. पण तिथे फायर सायन्सच्या पुढचा कमाईचा आकडा चांगला दिसला तर तो कुणाचा आहे हे विचारायला हवं. या वर्गांत बसणाऱ्यांपैकी बरेच जण आधीच दलात नोकरीला असतात. तिशी-पस्तिशीचा जवान बढतीसाठी पदवी पुरी करतो, त्याचा पगार आधीपासूनच नव्वद हजार असतो, आणि पदवीनंतरची कमाई म्हणून तो आकडा त्या अभ्यासक्रमाच्या नावावर चढतो. बारावी करून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला तो आपला भविष्यकाळ वाटतो. शिवाय ही आकडेवारी केंद्राची आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचीच असते. जिथे फीच २,७६० डॉलर आहे तिथे कित्येक जण ती मदत घेतच नाहीत, म्हणजे तेही हिशेबाबाहेर राहतात.

तर मग पदवीचा पैसा निघतो कुठे? नोकरी लागल्यानंतर. अनेक दलांत पदवीधराला मूळ पगारावर ठरावीक टक्के शिक्षणभत्ता मिळतो, तोही दर वर्षी. ८०,००० डॉलर मूळ पगार आणि अडीच टक्के भत्ता धरला तर वर्षाला २,००० डॉलर. पदवीची संपूर्ण फी दीड वर्षाच्या आत वसूल. बऱ्याच शहरांत फी भरपाईची योजनाही असते, म्हणजे तेवढंही खिशातून जात नाही. वर्ग रात्रीचे किंवा ऑनलाइन मिळतात, आणि चोवीस तासांच्या पाळीनंतर दोन-तीन दिवस मोकळे असल्याने अभ्यासाला जागा मिळते. सोडलेल्या पगाराचे ते चौतीस हजार इथे शून्य होतात. त्यानंतर बढत्या. इंजिनीअर म्हणजे बंब चालवून पंप सांभाळणारा, मग कॅप्टन, मग बटॅलियन चीफ. जसजसं वर जावं तसतशी आधी असोसिएट आणि पुढे चार वर्षांची पदवी मागणारी दलं वाढत जातात, आणि कम्युनिटी कॉलेजातले ६० युनिट राज्य विद्यापीठात वर्ग होत असतील तर निम्मी वाट आधीच चाललेली असते. पाठीला किंवा गुडघ्याला दुखापत होऊन बंबावरचं काम सुटलं, तर अग्निसुरक्षा निरीक्षक, नकाशे तपासणारा अधिकारी, विमा कंपनीचा तपासनीस या टेबलावरच्या कामांना हीच पदवी उपयोगी पडते.

म्हणून पदवी घ्यावी की नाही, यापेक्षा कधी घ्यावी, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि उशीर किती महाग पडतो हे कळायला पेन्शनचं एकच उदाहरण पुरेसं आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१३ नंतर पहिल्यांदाच सेवेत आलेल्या अग्निशामकांना अनेक शहरांत ‘२.७ टक्के, ५७ व्या वर्षी’ हे सूत्र लागू आहे. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे अखेरच्या पगाराच्या २.७ टक्के पेन्शन. अखेरचा पगार एक लाख डॉलर धरला, तर सेवेचं एक वर्ष म्हणजे जन्मभर दर वर्षी २,७०० डॉलर. साठ युनिटच्या सगळ्या फीइतकी रक्कम, दर वर्षी! पदवी पुरी होऊ दे मग भरतीचं बघू, असं म्हणून ज्याने अर्ज करायचं एक वर्ष पुढे ढकललं, त्याने ही रक्कम गमावली, आणि त्या वर्षाचा पगार गेला तो वेगळाच. माझा सल्ला विचाराल तर पहिल्या सत्रात ईएमटी, लगोलग शारीरिक तयारी आणि अर्ज, सोबत जमेल तेवढे युनिट. बोलावणं आलं की वर्ग सोडून जावं आणि उरलेली पदवी दलाच्या पैशाने पुरी करावी.

कमाईच्या हिशेबात शरीराची झीजही धरावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामाला ‘माणसात कर्करोगाला कारण ठरणारं’ या पहिल्या गटात टाकलं. त्याआधी २०१३ साली शिकागो, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे ३०,००० जवानांच्या अभ्यासात, सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत कर्करोगाचं निदान ९ टक्के आणि त्याने होणारे मृत्यू १४ टक्के जास्त आढळले होते. हल्ली आगीवरून परतल्यावर पोशाख जागेवरच धुणं, काजळी भरलेले कपडे राहायच्या खोलीत न आणणं, यावर वर्गात भर दिला जातो. अग्निशामकांना झालेला कर्करोग कामामुळेच झाला असं गृहीत धरणारे कायदे बहुतेक राज्यांत आहेत, मात्र कोणता कर्करोग आणि किती वर्षांची सेवा, या अटी सगळीकडे सारख्या नाहीत. नोकरी स्वीकारण्यापूर्वी त्या वाचाव्यात.

बे एरियात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांत वाढलेल्या एखाद्या मुलाने ‘मला फायरफायटर व्हायचंय’ म्हटलं की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. अभियंत्याच्या घरात हा काय विचार, असं वाटतं. पण वरचे आकडे पाहिले तर कमी फी, सरकारी नोकरी, पेन्शन आणि बढतीची शिडी असलेला हा पेशा आहे, आणि त्याला घरातून नकार मिळायचं कारण निदान पैसा तरी असू नये. भारतातून विद्यार्थी व्हिसावर जाण्याचा विचार असेल तर मात्र माझं उत्तर स्पष्ट नकाराचं आहे. बाहेरून आलेल्यांना युनिटमागे ४६ नव्हे, तीनशे डॉलरांच्या वर द्यावे लागतात. ६० युनिटचे अठरा हजारांहून जास्त होतात. आणि दलांना कायमस्वरूपी काम करण्याचा हक्क असलेला उमेदवार हवा असतो, काही ठिकाणी नागरिकच. केंद्र सरकारच्या वणवा विझवणाऱ्या तुकड्यांना तर नागरिकत्व लागतंच. पदवी हातात येईल, नोकरीचं दार बंदच राहील.

नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कॉलेजांबद्दलही सावध राहायला हवं. त्यांतली अनेक हीच पदवी ऑनलाइन, क्रेडिटमागे तीन-चारशे डॉलर घेऊन देतात. दलाच्या भत्त्यासाठी दोन्ही पदव्या सारख्याच, कर्ज मात्र एकाच्याच डोक्यावर. कुठल्याही कॉलेजात नाव घालण्याआधी समुपदेशकाला काही साध्या गोष्टी विचाराव्यात. गेल्या तीन तुकड्यांपैकी किती मुलांना पगारी अग्निशामकाची नोकरी लागली आणि कोणत्या दलांत? त्यांतली किती आधीच नोकरीत होती? अकादमी कॉलेजचीच आहे की दुसरीकडे जावं लागतं, आणि तिचं प्रमाणपत्र शेजारच्या राज्यात चालतं का? युनिट कोणत्या विद्यापीठात वर्ग होतात? उत्तरं गुळमुळीत आली, तर जवळच्या फायर स्टेशनवर दुपारच्या वेळी जावं आणि तिथल्या कॅप्टनला हेच विचारावं. बहुतेक स्टेशनांवर असं विचारायला आलेल्या मुलांचं स्वागत होतं, आणि त्यांच्या दलाने गेल्या वर्षी कुणाला घेतलं, का घेतलं, हे तो कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा नेमकं सांगू शकतो.